सुईनं गिळलेला ट्रंपेट

निरगुडसरच्या तुळशीदास रोकड्यांच्या बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, एका अंगाला कांदा आणि दुसऱ्या अंगाला जॅझ, असा प्रकार आहे. नव्या माणसाला हे खोटं वाटतं. पण दार ढकलून आत गेलं की उजव्या हाताला गुडघाभर कांदा पसरलेला दिसतो आणि डाव्या हाताला बाभळीच्या फळ्यांच्या मांडणीत दोनशे तेरा रेकॉर्डी उभ्या. उभ्याच ठेवायच्या. आडव्या ठेवल्या की एकमेकींच्या भारानं वाकतात. ऊन नको, ओल नको, हवा मात्र खेळती पाहिजे. तुळशीदासांनी पुष्कळ विचार केला आणि त्यांच्या ध्यानात आलं, की जे कांद्याला लागतं तेच रेकॉर्डला लागतं. झालं! त्यांच्या मंडळींची, द्रौपदाबाईंची, अर्धी बराख गेली.

कव्हरांना कांद्याचा वास लागला तो कायमचा. एकदा पुण्याचे एक शौकीन गृहस्थ हा संग्रह बघायला आले. त्यांनी एक कव्हर नाकाशी नेलं आणि दोनदा शिंकले. म्हणाले, "हे अमेरिकेतलं आहे ना हो?"

"व्हय की," तुळशीदास म्हणाले, "पर ऱ्हायला निरगुडसरला हाय."

तर माणूस असा. वय अडुसष्ट, अंगानं काटक. मंचरला तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं आणि लग्नसराईत समता ब्रास बँडात अजून क्लॅरनेट वाजवतात. ह्या दोनशे तेरा रेकॉर्डी त्यांनी हौसेनं जमवल्या असं सगळा गाव समजतो. खरी गोष्ट फक्त द्रौपदाबाईंना ठाऊक होती. तुळशीदास अडतीस वर्षं एकच रेकॉर्ड शोधत होते. बाकीच्या दोनशे बारा वाटेत सापडल्या.

त्याचं असं झालं. शहाऐंशी साली एका डॉक्टरांनी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला टाकला, वर तबकडी तशीच. पुढं डॉक्टर गाव सोडून गेले, "ठेव तुलाच" म्हणाले. पण ते नंतर. त्या दुपारी तुळशीदासांनी पट्टा बदलला, सुई पुसली आणि चालतंय का बघायला म्हणून तीच तबकडी लावली.

आता बँडवाल्याच्या कानाला सिनेमाची गाणी ठाऊक, भीमगीतं ठाऊक, सलामी ठाऊक. हे मात्र काही निराळंच निघालं. क्लॅरनेट असा वर चढत होता, जशी खार निलगिरीवर चढावी. मागं ढोल कुजबुजत होता. आणि मध्येच सगळी वाद्यं एकदम गप्प झाली अन् एकटा ट्रंपेट बोलला. सात-आठ सेकंद, जास्त नाही. मग पुन्हा सगळे धावत आले. तुळशीदासांच्या अंगावर काटा आला. ते दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडले, "मास्तर! अवो मास्तर, पळा, लवकर या!"

मास्तर म्हणजे सावळेराम. समता बँडचे प्रमुख, ट्रंपेटवाले, एरवी गवंडी. समोरच्या टपरीवर चहा पीत होते. ते उठून येईपर्यंत गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून ठेवावं म्हणून तुळशीदासांनी घाईघाईनं सुई उचलली. आणि ज्या हातानं सुई उचलली त्याच हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो निसटला. कर्र!

नखाएवढा ओरखडा. पण खोल.

मास्तर आत आले, स्टुलावर टेकले, ऐकू लागले. मान डोलायला लागली. आणि सुई त्या जागी आली, तशी टुप्‌ करून उडाली अन् चार खाचा ओलांडून पुढं पडली. ट्रंपेट गायब. क्लॅरनेट गेला तो क्लॅरनेटवरच आला.

"ए तुळश्या, हे मधी काय झालं?"

"काय झालं?"

"उडाल्यासारखं झालं की!"

आणि इथं तुळशीदास चुकले. खरं बोलायला किती वेळ लागला असता? पण मास्तरांचा हात जड, शब्द त्याहून जड, आणि तबकडी दुसऱ्याची. तुळशीदास म्हणाले, "सायब लोकांचं असंच असतंय मास्तर. उडी घेत्यात ते मधी."

सावळेराम मास्तरांनी विचार केला. मग मांडीवर थाप मारली. "च्यायला, लई डोक्याचं काम हाय!"

झालं. पंधरा दिवसांत समता बँडनं ते गाणं बसवलं, उडीसकट. जिथं सुई उडाली तिथं सात माणसांचा बँड मध्येच तोडायचा आणि पुढनं धरायचा, हे सोपं का आहे? मास्तरांनी एकेकाला घाम फोडला. पहिल्यांदा ते पेठच्या एका वरातीत वाजलं. नाचणारी पोरं तालात होती, आणि ताल एकदम पुढं सरकला. तोल जाऊ नये म्हणून पोरांनी उडी मारली. सगळ्यांनी एकदम! लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. त्या दिवसापासून ते 'उडीचं गाणं' झालं. नारायणगावापासून घोडेगावापर्यंत वरात म्हटली की हाळी यायची, "मास्तर, उडीचं घ्या!" अवसरीला एकाची भाड्याची घोडी होती. तिनं हे गाणं इतक्या वराती ऐकलं की त्या जागेवर तीही उडी मारायला लागली. एका नवरदेवाचं बाशिंग तसंच उडून मामाच्या गळ्यात पडलं. मग घोडीवाला आधी विचारायचा, "समताचा बँड हाय का? मग नवरदेवाला बांधून घ्या."

लोक हसायचे. मास्तर खूश. तुळशीदासही हसायचे, पण उडीची जागा आली की मास्तरांकडे बघणं टाळायचे. कारण बँडात त्यांना एकट्याला माहीत होतं, त्या उडीखाली काय गडप झालंय. ट्रंपेट. सबंध गाण्यात ट्रंपेटला एकट्याला बोलायची तेवढीच जागा होती आणि ती मास्तरांना कधी मिळालीच नाही.

बरं, तो ट्रंपेट नेमका काय बोलला होता, हे आठवावं तर आठवेना. आता पुन्हा ऐकायचंच आहे म्हणून पहिल्यांदा त्यांनी ते नीट धरून ठेवलं नव्हतं. सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवून बघितलं, काडीनं सुई आवळून बघितली. सुई उडायची ती उडायचीच. ओरखडा मऊ पडेल म्हणून तबकडी रिठ्याच्या पाण्यात भिजत घातली, तर ओरखडा तसाच राहिला आणि मधला इंग्रजी कागद, कुणी वाचून ठेवायच्या आधीच, लगदा होऊन सुटून आला. गाण्याचं नाव गेलं, वाजवणाऱ्याचं नाव गेलं. राहिला फक्त कागदाच्या कडेशी तबकडीत कोरलेला नंबर. ४०७१.

मग सुरू झाल्या पुण्याच्या जुन्या बाजाराच्या खेपा. भिंग घेऊन जायचं, रेकॉर्डींच्या ढिगात बसायचं, नंबर वाचायचे. ४०७१ कधी सापडला नाही. पण कव्हरावर ट्रंपेट आणि क्लॅरनेट एकत्र दिसले की हात मागं येत नसे. म्हणावं, कुणी सांगावं, हाच बँड असेल. घरी आणायची, ऐकायची. हा नाही. पण हाही काय वाजवतो राव! असं करत करत निरगुडसरच्या माणसाला न्यू ऑर्लीन्सची गल्ली न् गल्ली कानानं पाठ झाली. रोज दुपारी दोन ते चार बराखीत बसून ऐकणं, हा नेम पडला. द्रौपदाबाई कांदा निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "अवो, सांगून टाका की मास्तरांना एकदाचं. काय खात्यात का तुमाला?"

"सापडल्यावर सांगीन."

"आन न सापडली तर?"

"सापडंल."

पुण्यात लॅबमध्ये काम करणारी नात कल्याणी. तिनं मोबाईलला गाणं ऐकवून बघितलं. मोबाईलनं हात टेकले. मग तिनं जगभरच्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर नंबर टाकला. दोन वर्षं झाली, उत्तर नाही.

यंदाच्या चैत्रात एका बुधवारी मास्तर काठी टेकत बराखीत आले आणि कांद्याच्या बाजूला बसले. वय शहात्तर. एक कांदा उचलून त्याची साल काढत राहिले. मग म्हणाले, "तुळश्या, सोमवारी दात काढायचेत. वरचे दोन, खालचे दोन. म्होरचे."

तुळशीदासांनी चालू रेकॉर्डची सुई उचलली. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे काय, हे बँडवाल्याला सांगावं लागत नाही.

"कवळी बसवून वाजवत्यात म्हणं काही जण," तुळशीदास म्हणाले.

"शहात्तराव्या वर्साला? गप रं. सोमवारपतुर मी मास्तर. मंगळवारपासनं नुसता सावळेराम." आणि हसले, पण हसताना एक दात हलला तो दिसला.

ते गेल्यावर तुळशीदास उठले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. पाच दिवस. कल्याणीला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, मी टाकलंय सगळीकडे. तुम्हीही टाका की. फोटो काढा, नंबर लिहा, ग्रुपवर पाठवा."

तुळशीदासांनी तबकडीचा फोटो काढला. खाली लिहिलं, '४०७१. ही कुणाकडं असल्यास तातडीनं कळवणे.' आणि पाठवून दिलं. अर्ध्या तासानं मोबाईल टुणटुणायला लागला. पहिला निरोप, 'दूध किती?' दुसरा, 'कितव्या वेताची?' तिसरा, 'काळी हाय, पर जात कोणची?' तुळशीदासांनी चष्मा पुसून बघितलं. त्यांनी ते 'जुन्नर-आंबेगाव जनावरं खरेदी-विक्री' ह्या ग्रुपवर टाकलं होतं. वर एक मुऱ्हा म्हैस, खाली एक कालवड आणि मध्ये ४०७१.

द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "पुसून टाका ते. गाव नावं ठिवंल."

"ऱ्हाऊ दे," तुळशीदास म्हणाले. "तीन हजार माणसं हायेत त्यात. अमेरिकेत इचारून झालं, आता जुन्नरला इचारतो."

आणि शुक्रवारी सकाळी निरोप आला. 'हौशीराम, आळे. आमच्याकडं बी हाय. नंबर तोच. विकायची नाही.'

काखेत कळसा म्हणतात तो असा! अडतीस वर्षं पुण्याच्या खेपा, आणि रेकॉर्ड आळ्यात. तुळशीदासांनी फोन लावला. हौशीराम शेतकरी माणूस, पंचाहत्तरीचा, आवाज खणखणीत. त्यांचा थोरला भाऊ रखमाजी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात वाढपी होता. हॉटेलाच्या बँडची ती रेकॉर्ड. पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून शे-दोनशेच काढलेल्या. उरलेल्यातली एक रखमाजीला मिळाली. रखमाजी वारला, पेटी गावी आली, पेटीत ही.

"ऐकता का तुमी?"

"कशावर ऐकू? मशीन कुठाय? भावाची वस्तू म्हणून ठिवली."

"दोन दिसांसाठी देता का? लई उपकार..."

"न्हाई पावणं. घराबाहेर जायची न्हाई. ऐकायची तर हितं या."

आता मास्तरांना आळ्याला न्यायचं तर कारण सांगायला हवं. तुळशीदास त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "मास्तर, उद्या आळ्याला जायचंय. ट्रंपेट संगं घ्या."

"सुपारी हाय?"

"न्हाई."

"मग?"

"चला म्हणतो ना. आजपतुर तुमी बोलावलं आन मी आलो न्हाई, असं कधी झालंय?"

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि आत जाऊन पिशवी काढली.

शनिवारी शेजारच्या भरतच्या पिकअपमध्ये मागं प्लेअर, अँप्लिफायर आणि गोधडीत गुंडाळलेले दोन स्पीकर. पुढं भरत, मध्ये मास्तर, दाराशी तुळशीदास. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. तुळशीदासांनी मनात तीनदा वाक्य जुळवलं आणि तिन्ही वेळा मास्तरांनीच दुसरा विषय काढला. आळेफाट्यावर भरत म्हणाला, "काका, तुमाला घाम का सुटलाय?"

"गरम होतंय."

"खिडकी उघडी हाय की!"

हौशीरामांची पडवी ऐसपैस. सारजाबाई, त्यांच्या मंडळी, सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. जनावरांच्या ग्रुपवरचे पाहुणे कसे दिसतात हे बघायचं होतं त्यांना. हौशीरामांनी नऊवारीच्या फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड दोन्ही हातांवर आणली. तुळशीदासांनी हात धुतले, पुसले, रेकॉर्ड कडेनं धरली. तिच्यावर अजून कुणाची सुई टेकली नव्हती. सुई टेकवली आणि पहिल्या सुरालाच मास्तर म्हणाले, "हे तर आपलं उडीचं!"

"व्हय."

"मग हे ऐकाया तासभर आणलंस मला? पाठ हाय की."

"ऐका फकस्त."

सूर पुढं सरकले. क्लॅरनेट चढू लागला. मास्तरांची काठी जमिनीवर ठेका धरू लागली. जागा जवळ आली तशी सवयीनं त्यांनी टाच उचलली, उडी घ्यायला. उडी आलीच नाही. सगळी वाद्यं गप्प झाली आणि ट्रंपेट एकटा बोलू लागला. अवघड काही नव्हतं त्यात. वर गेला, तिथं जरा थांबला, आणि जिना उतरावा तसा पायरी-पायरीनं खाली आला.

मास्तरांची टाच तशीच वर राहिली.

"म्हागं घे."

तुळशीदासांनी मागं घेतलं. तीनदा ऐकून झालं. मग मास्तरांनी विचारलं, "हे आपल्या रेकॉर्डवर व्हतं?"

"व्हतं."

"मग गेलं कुठं?"

"माझ्या हातातनं स्क्रू ड्रायव्हर पडला, मास्तर. तुमी टपरीवरनं येत व्हता तवा. सायब लोक उडीबिडी काय घेत न्हाईत. मी खोटं बोललो."

सारजाबाईंच्या सुपातला तांदूळ थांबला. भरतनं आपल्या चपलांकडे बघायला सुरुवात केली.

"अडतीस वर्सं?" मास्तर म्हणाले.

"अडतीस."

"आन तुज्या क्लॅरनेटचं काय बी गेलं न्हाई. माझाच तुकडा गेला."

"म्हणून तर शोधत व्हतो."

मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. पिशवी ओढली, ट्रंपेट काढला, तोंडाशी लावला. पहिल्या फुंकीला नुसती हवा गेली. दुसऱ्या वेळी वरचा सूर फाटला. तिसऱ्याला हलता दात टोचला आणि ओठावर रक्ताचा ठिपका आला.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," तुळशीदास पुढं सरकले.

"बस खाली! अडतीस वर्सं गप बसवलंस, आज तरी वाजवू दे."

चौथ्यांदा उतरताना एक पायरी चुकली. पाचव्यांदा रेकॉर्ड चालू होती. क्लॅरनेट वर चढून थांबला, सगळे गप्प झाले, आणि आळ्याच्या पडवीत दोन ट्रंपेट एकदम बोलले. एक मुंबईच्या हॉटेलातला, एक निरगुडसरचा. शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर. गोठ्यातल्या गाईनं मान वळवून बघितलं.

हौशीराम मोठ्यानं म्हणाले, "आमचा रखमाजी हॉटेलात हे रोज ऐकत आसंल काय हो?" ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मास्तरांनी ओठ पुसला. सारजाबाईंनी आणलेला चहा बशीत ओतून फुर्र केला. मग म्हणाले, "आता तुझी शिक्षा ऐक, तुळश्या. सोमवारी माझं तोंड बंद. हा तुकडा हितनं म्होरं तू वाजवायचा. क्लॅरनेटवर."

"मी?"

"गिळला कुणी? मग वकायचा बी त्यानंच. आन बिनचूक येत न्हाई तवर समता बँड हे गाणं घेनार न्हाई."

"लोक उडी मागत्यात मास्तर."

"लोकांना मी बघतो."

भरतनं मोबाईल काढला. "काका, ह्यात भरून घेतो की, म्हंजे घरी..."

"ठिव तो खिशात," मास्तर म्हणाले. "ह्यानं हितं यायचं. रेकॉर्डम्होरं बसायचं. आन शिकायचं. घराबाहेर जायची न्हाई म्हणल्यात ना मालक? मग मशीनच हितं ऱ्हाऊ दे."

हौशीराम तोवर बाहेर आले होते. डोळे लाल, पण आवाज तसाच खणखणीत. "या की. रविवारी या. रिकामाच असतो मी."

सोमवारी दात निघाले. तुळशीदास दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि गालात कापूस भरलेल्या मास्तरांना एसटीनं घरी घेऊन आले. आणि पुढच्या रविवारी दोघं आळ्याला. त्याच्या पुढच्याही. क्लॅरनेट तोंडाशी असला की खारीसारखं वर चढायची सवय, आणि हा तुकडा मागतो उतरायला. अडतीस वर्षांचं वळण तोंडाला. तुळशीदास चुकायचे, मास्तर काठीनं बाक ठोकायचे, हौशीराम सुई मागं घ्यायला शिकले होते, ते मागं घ्यायचे. "आज बास करू," असं तुळशीदासांनी एकदाही म्हटलं नाही. ओठ सुजला तर गार पाण्याचा तांब्या लावायचा आणि पुन्हा धरायचं.

सहाव्या रविवारी शेवटची पायरी पुन्हा चुकली. मास्तर बोळक्या तोंडानं काहीतरी ओरडले, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हा कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या सारजाबाई म्हणाल्या, "भाऊ, तसं न्हाई. शेवटाला घाई करता तुमी. तो मानूस खाली यिऊन जरा टेकतोय, मग उठतोय." आणि शेंगा फोडता फोडता त्यांनी तो तुकडा गुणगुणून दाखवला. सबंध. बरोबर.

मास्तर इतके हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. बोळक्या तोंडानं पण स्पष्ट म्हणाले, "तुळश्या, बाईकडनं शिक!"

तुळशीदासांनी क्लॅरनेट पुसला, बाक ओढून सारजाबाईंच्या समोर मांडला आणि बसले. "म्हणा ताई, पयल्यापासनं म्हणा," ते म्हणाले. "आज घेऊनच जाणार हाय मी."